सगुणाचे माप

आगरदांड्याच्या खाडीकाठच्या त्या कोळीवाड्यात मुंबई पाहिलेली माणसे बरीच होती, पण मुंबईत कोणती वस्तू कोणत्या गल्लीत चांगली मिळते हे ठाऊक असलेले माणूस एकच होते. भागुबाई तिचे नाव. नवरा येसाजी वादळात होडीसकट गेला, त्यानंतर ती सुक्या मासळीच्या करंड्या घेऊन आगबोटीने मुंबईला जाऊ लागली. बंदराजवळच्या बाजारात ती सोडे आणि सुकट विके, आणि परतताना त्याच करंड्यांतून वाड्याची हौस घेऊन येई. बोर्ली पंचतनच्या बाजारात मीठ-मिरची, मडकी, जाडेभरडे कापड मिळत असे, आणि तेवढ्यावर माणूस जगू शकते. परंतु नवरीच्या चोळीला कोणती किनार शोभते, पाहुण्यापुढे बशीत काय ठेवल्याने घराची मान उंच होते, हे ठरवण्याचा अधिकार त्या काळात हळूहळू मुंबईकडे गेला होता. मुंबईचा हा हुकूम वाड्यापर्यंत भागुबाईच्या डोक्यावरून येत असे.

खण घ्यावा तो भुलेश्वरला, पण देवळासमोरच्या रांगेत नव्हे. मागच्या बोळात, जिथे दुकानदार उन्हात आणून रंग दाखवतो. लुगडे मुळजी जेठा मार्केटात. खजूर मांडवीला, आणि तोही चाखून. नानखटाई भेंडी बाजारात भट्टीवर उभे राहून घ्यावी, कारण कागदात बांधून ठेवलेली आदल्या दिवसाची असते. पाव धोबी तलावाच्या गोवेकराकडून. फळे क्रॉफर्ड मार्केटात, पण दारातल्या माणसाकडून कधीच नाही. हे सारे भागुबाईच्या पायांना पाठ होते. हॉर्नबी रोडवरची काचेची दुकाने मात्र तिने समोरच्या फुटपाथवरूनच पाहिली होती. ज्या दुकानाला दार आहे आणि दाराशी माणूस उभा आहे, तिथे आपल्यासाठी काही नसते, असा तिचा समज होता. तो चुकीचा होता असे म्हणता येत नाही.

तिच्या कामाची रीत तिची स्वतःची होती. वाड्यातली प्रत्येक बाई तिला मागणीबरोबर एखादी खूण देई. रंगासाठी जुन्या कापडाची चिंधी, बांगडीसाठी मनगटाला गुंडाळून तोडलेला दोरा, चोळीसाठी छातीच्या मापाचे सूत. भागुबाई ती खूण पदरात ठेवी आणि गाठ मारी. घरे समुद्राकाठाने ज्या क्रमाने उभी होती, त्याच क्रमाने गाठी. मुंबईत एकेक गाठ सोडायची, वस्तू घ्यायची, पुढच्या दुकानाकडे वळायचे. परतीच्या आगबोटीत पाय ठेवताना पदर सरळ झालेला असला पाहिजे, हा तिचा नेम होता. बांधलेली गाठ परत आणणे म्हणजे कुणाची तरी इच्छा मुंबई दाखवून उपाशी परत आणणे, असे ती म्हणे.

सन सव्वीसच्या सुमारास, गणपती गेल्यावर आगबोटी पुन्हा सुरू झाल्या, तेव्हाची गोष्ट. भागुबाई होडीत चढत होती आणि गुडघाभर पाण्यात उभ्या राहिलेल्या बाया तिला ओरडून आठवणी करून देत होत्या.

“मावशे, हिरव्या आन गो बांगड्या! पोपटी न्हाय, हिरव्या!”

“गेल्या खेपेची किनार धुण्यात पळाली बग!”

“नवरा पळाला न्हाय ना? मग किनारीचं काय घेऊन बसलीस!” भागुबाईने होडीतूनच उत्तर दिले, आणि पाण्यात उभ्या सगळ्या बाया हसल्या.

त्या हसण्याच्या आडोशाने सगुणा जवळ आली. शेजारच्या नीराबाईची ती सून. तिचा नवरा कान्हा मुंबईच्या गोदीत खलाशी होता. सगुणाला दिवस गेले होते आणि पोट आता लपत नव्हते. तिने भागुबाईच्या मुठीत जाळ्याच्या सुताचा एक तुकडा दिला. वीतभर आणि वर एक बोट, दोन्ही टोकांना बारीक गाठ.

“ह्या मापाचं आन, मावशी,” ती म्हणाली. “तुज्यासंगती मुंबैला बगितलं व्हतं, ते.”

“काय गो?”

सगुणाने मागे पाहिले. नीराबाई काठावर हात कमरेवर ठेवून उभी होती. सगुणा घाईने म्हणाली, “तुला समजंल.”

“समजलं, समजलं,” भागुबाई म्हणाली, आणि सूत पदरात घालून तिने गाठ मारली. होडी सुटली.

समजले काहीच नव्हते. परंतु ज्या बाईला वाड्यातल्या प्रत्येक घराची आवड पाठ आहे, तिला सगुणासारख्या पोरीच्या मनातले ओळखू येणार नाही, हे भागुबाईला स्वतःशीही कबूल करणे जड होते. दुसऱ्यांच्या इच्छा वाहून नेणाऱ्या माणसाला कालांतराने असे वाटू लागते की त्या इच्छा आपल्याला आधीच कळतात. भागुबाईचा तोच अहंकार होता, आणि त्यापलीकडे तिच्याजवळ दुसरे काही मिरवण्यासारखे नव्हतेही.

सगुणाबरोबरचा तो दिवस तिला आठवत होता. लग्नानंतर कान्हाने बायकोला चार दिवस मुंबईला नेले होते, आणि एका दुपारी भागुबाईने तिला बाजार दाखवला होता. भुलेश्वर, मंगळदास, मग ट्रामच्या रुळांकडेने हॉर्नबी रोडपर्यंत. काचेआडच्या बाहुल्यांच्या अंगावर रेशमी झगे होते. भागुबाई बोट दाखवून सांगत होती आणि सगुणा मान खाली घालून चालत होती.

“वर बग की गो! जमिनीवर काय सांडलंय तुजं?”

सगुणा नुसती हसली होती. रस्ता तापलेला होता, आणि ती पाय उचलून उचलून टाकत होती. नवी नवरी आहे, लाजते आहे, असे भागुबाईला वाटले होते.

यावेळी मुंबईत सगळ्या गाठी सुटल्या, शेवटची एक राहिली. भुलेश्वरच्या ओळखीच्या दुकानात बसून भागुबाईने ते सूत मांडीवर सरळ केले. मनगटाला जास्त होते, गळ्याला कमी पडे, कमरेचा तर प्रश्नच नव्हता. मग तिने ते स्वतःच्या दंडाभोवती धरले. सगुणाचा दंड बारीक; तिला बरोबर बसेल.

“शेठ, बाहीची काय नवीन तऱ्हा आली हाय काय?”

“मावशी, आ जुओ.” दुकानदाराने फुगीर बाहीची, कडेला जाळीची झालर लावलेली चोळी उलगडली. “एकदम नवी फॅशन. गिरगावच्या बायका हीच मागतात.”

“दंडाला एवढी बसंल?” तिने सूत दाखवले.

“बसलीच पाहिजे. फॅशन कोणालाबी बसते, मावशी. माणसाने बसवून घ्यायचं.”

भागुबाईने चोळी घेतली आणि गाठ सोडली. मात्र सूत तिने टाकले नाही. माप सापडले की सूत तिथेच फेकण्याची तिची सवय होती. या वेळी तिची बोटे ते सोडायला तयार झाली नाहीत, आणि ते पुन्हा पदरात गेले.

सगुणाने चोळी दोन्ही हातांत धरली तेव्हा नीराबाई, शेजारच्या बाया, सगळ्या पाहत होत्या. झालर बघून वाहवा झाली. सगुणा चोळीकडे पाहत राहिली, मग तिने भागुबाईकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, रागाने भागुबाईला पुढे इतका त्रास झालाही नसता. सगुणा जणू दाराशी आलेली आणि दार चुकले हे कळल्यावर हळूच मागे सरणारी पाहुणी होती.

“हीच ना गो?” भागुबाईने विचारले.

“हीच, मावशी,” सगुणा म्हणाली. “हीच व्हती.”

ती चोळी तिने कधी घातली नाही. मार्गशीर्षात ती बाळंत झाली. मुलगी जगली, आई गेली.

दहाव्या दिवशी खाडीच्या तोंडाशी, वाळूत पिंड ठेवला. केवड्याच्या बनाशी बायका दूर उभ्या होत्या. कावळा एका उपड्या होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, येऊन बसला आणि तिथेच बसून राहिला. कान्हा पुढे होऊन म्हणाला, पोरीला उघडे पडू देणार नाही. कावळा हलला नाही. नीराबाईने ओरडून सांगितले, तुझ्या अंगावरचा मणी न् मणी पोरीच्या अंगावर घालीन. कुणी माहेरच्या देवीचे नाव घेतले, कुणी तिच्या आईला सांभाळण्याचे वचन दिले. ऊन चढले. माणसे एकमेकांकडे बघू लागली. बाळंतपणात गेलेली बाई, आणि तिच्या पिंडाला कावळा शिवत नाही. याचा अर्थ वाड्यात कुणाला सांगावा लागत नव्हता.

तेव्हा भागुबाई बनातून बाहेर आली. बायकांनी तिथे जाऊ नये हे तिला ठाऊक होते. पिंडापासून थोड्या अंतरावर उभी राहून ती म्हणाली, “सगुणे, तुजं माप माज्यापाशी हाय. त्या मापाचं आनीन. दुसरं काय आननार न्हाय, तुला पायजे व्हतं तेच आनीन.”

कावळा उतरला आणि पिंडाला शिवला.

परतीच्या वाटेवर नीराबाईने तिचा हात धरला. “काय मागितलं व्हतं गो तिनं? माज्या घरात काय कमी व्हतं?”

“चोळी,” भागुबाई म्हणाली.

“चोळी तर तू आनलीस की!”

भागुबाईने हात सोडवून घेतला आणि ती पुढे झाली. तिने जे वचन दिले होते त्याचा अर्थ तिला स्वतःलाच माहीत नव्हता, आणि वचन घेणारी बाई आता सांगायला येणार नव्हती.

किंवा येत होती. त्यानंतरच्या खेपेहून भागुबाई परतली, त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्या ओटीवर ओल्या वाळूची पावले उमटलेली होती. समुद्राच्या बाजूने आलेली, उंबऱ्यापाशी थांबलेली. परतीची नव्हती. पहाटे होड्यांकडे जाणाऱ्या बाया त्याच वाटेने जात, कुणी दोन पावले ओटीवर टेकली असतील, हेही खरे. पण वाड्याने तसे मानले नाही. बाळंतपणात गेलेल्या बाईची अळवंत होते आणि तिचे पाय उलटे असतात, हे लहान मुलालाही ठाऊक होते. म्हणून जी ती बाई आली तिने वाकून एकच गोष्ट पाहिली, पाऊल सुलटे की उलटे. पाऊल सुलटे होते. टाचा समुद्राकडे, बोटे दाराकडे.

“सुलटं हाय,” नीराबाई म्हणाली आणि पदराने तोंड पुसले. तिला हायसे वाटले की अधिकच भीती वाटली हे तिचे तिलाही सांगता आले नसते. “झाडून टाक, भागू.”

भागुबाईने उंबऱ्यात खिळा ठोकला, वाटेवर मोहरी टाकली. पावले येत राहिली. रोज नव्हे, ती मुंबईहून परतली की दुसऱ्या पहाटे. जणू कुणी विचारायला येत होते, आणलेस का. भागुबाई उठून पहिल्याने केरसुणी घेई आणि कुणी जागे होण्याआधी ओटी झाडून काढी.

अशी वर्षे गेली. बाजार बदलत होता. भुलेश्वरला चोळीऐवजी पोलकी लटकू लागली, मंगळदास मार्केटात परदेशी कापडावर बहिष्काराचे पहारे बसले आणि उठले, भेंडी बाजारात बिस्किटांचे डबे आले. नीराबाईची नात केसर चालू लागली, बोलू लागली, वाळूत शिंपले वेचू लागली. ते सूत मात्र भागुबाईच्या पदरातच होते. लुगडे फाटले की नव्या लुगड्याच्या पदरात ते जाई. इतरांच्या गाठी सोडून झाल्या की ती ते बाहेर काढी आणि दुकानांपुढून चालू लागे. वाकीला लावून पाहिले, बाजूबंदाला लावून पाहिले, आरशाच्या चौकटीला, फणीच्या डबीला, गजऱ्याला. मुंबईचे सगळे बाजार आता तिला एकाच गोष्टीपुरते दिसत: वीतभर आणि वर एक बोट. ज्या नगरात माणसाला काहीही मिळते अशी ख्याती आहे, तिथे काय मागावे हे न कळणारी ती बाई रुळांकडेने चालत असे, आणि आपल्या मागून कुणीतरी पाय उचलून उचलून टाकत येत आहे असे तिला वाटे. वळून पाहिले की गर्दी असे.

धोबी तलावाच्या गोवेकराने एकदा तिच्या हातातले सूत पाहून थट्टा केली. “काय गो मावशी, ह्या मापाचो पाव हवो? आज भाजून दितां!”

भागुबाई हसली नाही. तिने खरोखरच एक लांबट पाव उचलून सुताशी ताडून पाहिला, आणि गोवेकराचे हसू मावळले.

नीराबाईही अधूनमधून डिवचत असे. म्हातारपणाने तिची जीभ मऊ झाली नव्हती. “सगळ्या वाड्याला मुंबै आनून देतेस. एका मेलेलीचं तेवढं ऱ्हातंय.” एकदा मात्र ती वेगळ्याच सुरात म्हणाली, “खरं सांग, भागू. माज्याविरुद्ध काय मागितलं न्हवतं ना तिनं?”

“वयनी, मला ठावं असतं तर एवढी वर्सं हिंडले असते व्हय?”

ज्या दिवशी ते कळले, त्या दिवशी ती काही शोधत नव्हती. पाव घेऊन ती धोबी तलावाच्या एका अरुंद गल्लीतून ट्रामकडे निघाली होती. एक म्हातारा चांभार आपल्या दुकानाच्या पायरीवर बसला होता. समोर बाकावर एक शिकलेली तरुण बाई, बहुधा मास्तरीण, बसली होती. तिने उजवा पाय पुढे केला होता आणि म्हाताऱ्याने टाचेपासून अंगठ्यापर्यंत दोरा धरला होता. दोरा ताणून त्याने टोकाला गाठ मारली.

भागुबाई तिथेच थांबली. कुणाचा तरी धक्का लागला, शिवी ऐकू आली. तिने पदरातले सूत काढले आणि दुरूनच हवेत धरले.

वाड्यातल्या बायांची अंगेच्या अंगे तिने सुताने मोजली होती. मनगट, दंड, गळा, छाती, अर्भकाचे डोके. पायाचे माप तिला आजवर कुणी दिले नव्हते, कारण कोळ्याच्या बाईच्या पायाला माप असते ही कल्पनाच त्या वाड्यात नव्हती. होडीत चामडे चढत नाही, होडी देवी असते. सासू-सासऱ्यांपुढे पायात काही घालून चालणारी सून कुणी पाहिली नव्हती. मासळीला मीठ लावायच्या, खारवणाच्या ओट्यावर उभे राहून टाचांना भेगा पडत, मीठ भेगांत शिरे, आणि ते पाय म्हणजे कामाच्या बाईची ओळख असे सगळ्या मानत. सगुणा त्या दुपारी मान खाली घालून चालली ती लाजून नव्हे. ती तापलेल्या रस्त्यावरून चालणाऱ्या बायांचे पाय पाहत होती. पट्ट्याच्या चपला. काचेआडचे रेशीम तिने पाहिलेच नव्हते.

बाई निघून गेल्यावर भागुबाई पायरीशी उकिडवी बसली. “बाबा, ह्या मापाच्या चपला व्हतील?”

म्हाताऱ्याने सूत हातात घेतले, बोटांवरून फिरवले. “लांबी कळली. पण नुसत्या लांबीनं जोडा व्हत न्हाय, बाई. पंजा किती रुंद? टाच केवढी? पायवालीला घेऊन या.”

“ती येऊ शकत न्हाय.”

“आजारी हाय?”

भागुबाईने हातातले पाव सावरले.

“मग असं करा,” म्हातारा म्हणाला. त्याला काही वेगळे वाटले नव्हते, रोजचेच काम होते. “ओल्या मातीत न्हाय तर वाळूत तिचं पाऊल उमटवून घ्या. पंजाला आडवा दोरा धरा, टाचेला आडवा दोरा धरा, गाठी मारून आना. पाऊल खोटं बोलत न्हाय.”

भागुबाईच्या हातातले पाव खाली पडले. म्हाताऱ्याने ते उचलून दिले तरी ती तशीच बसून होती. ओटीवरची पावले तिला एकामागून एक दिसत होती. वाड्याने त्यांची फक्त दिशा पाहिली होती. माप सांगणारी बाई दाराशी येऊन इतकी वर्षे आपले माप ठेवून जात होती, आणि मापांवर पोट भरणारी भागुबाई ते दर वेळी केरसुणीने झाडून टाकत होती.

वाड्यात परतल्यावर दुसऱ्या पहाटे तिने केरसुणीला हात लावला नाही. अजून अंधूक होते. खाडीच्या पाण्यावर धुके होते. पावले होती. तिने वाकून जुने सूत त्यांतल्या एका पावलाशेजारी ठेवले. टाचेची गाठ टाचेला, अंगठ्याची अंगठ्याला. मग नवा दोरा काढून पंजाची रुंदी घेतली, टाचेची घेतली. तिला भीती वाटत नव्हती, निदान त्या क्षणी. गिऱ्हाईक समोर उभे आहे आणि आपण त्याचे माप घेत आहोत, एवढेच तिच्या मनात होते. “हालू नको गो,” ती सवयीने पुटपुटली, आणि मग आपण काय बोललो ते ऐकून तिने दोरा चटकन उचलून घेतला.

पुढच्या खेपेला चपला तयार झाल्या. तांबूस चामडे, घोट्याला पट्टा, पितळेची लहानशी कडी. आगबोटीतून काठापर्यंत होडीत बसायचे होते आणि होडीत चामडे ठेवायचे नव्हते. भागुबाईने पुडके मांडीवर घेतले आणि फळीला लागू दिले नाही.

“काय हाय मावशी, एवढं जपून?” होडीवाल्याने विचारले.

“माप हाय एकाचं.”

आता खरा पेच पुढे होता. वचन तिने चारचौघांत दिले होते, तेव्हा ते चारचौघांतच फेडायला हवे होते. पण सगुणाने ही इच्छा सासूपासून लपवली होती. मेलेलीची इच्छा पुरी करताना तिची लाज उघडी करायची, की लाज राखण्यासाठी वचन मोडायचे? जिवंत माणसाला विचारता येते. मेलेल्या माणसाच्या बाबतीत आपण जे ठरवू तेच त्याचे मत होते, आणि तो अधिकार भागुबाईने एकदा वापरून पाहिला होता. भुलेश्वरच्या दुकानात, दंडाभोवती सूत धरून. पुन्हा स्वतःच्या मनाने ठरवायची तिची हिंमत नव्हती. होडीतून उतरताच, घरी न जाता, ज्या जागी पिंड ठेवला होता तिथे ती चपला घेऊन गेली आणि वाळूत ठेवून वाट पाहत बसली. कुणाची, ते तिला सांगता आले नसते.

आली नीराबाई. केसर तिचे बोट धरून होती.

“चामडं?” नीराबाईचा आवाज चढला. “माज्या सुनेच्या जागेवर चामडं आनून ठेवलंस? कुनाचं हे?”

भागुबाईने सूत तिच्या हातात दिले. “सगुणाचं. हेच मागितलं व्हतं तिनं.”

नीराबाईने सुताकडे पाहिले, चपलांकडे पाहिले. तिचे ओठ शिवी द्यायला उघडले आणि तसेच राहिले. मग ती म्हणाली, “खारवणाच्या दिसांत पाय धरून बसायची ती. मी म्हनायची, नखरे करते. एकदा म्हनाली, आत्याबाई, मुंबैच्या बायकांचे पाय बगितलेत का? मी म्हनलं, तू हिकडं पाय बगायला आलीस की राबायला.” तिने सूत मुठीत घट्ट धरले. “मला वाटलं व्हतं, सोनंबिनं मागितलं असंल.”

दोघींचे लक्ष नाही असे पाहून केसर पुढे झाली होती. तिने एक पाय चपलेत घातला, मग दुसरा. चपला तिला मोठ्या होत्या. टाचेमागे बोटभर चामडे मोकळे उरले होते. तिने दोन पावले टाकली, पट्टा निसटला, ती पडता पडता सावरली आणि आजीकडे पाहून उभी राहिली, आता मार बसणार हे समजून.

“काढ ते, केसर,” भागुबाई घाबरून म्हणाली. “तुजं न्हाय ते.”

नीराबाई खाली बसली. तिने पोरीच्या पायाशी वाकून पितळेची कडी चाचपली. ती कशी लागते ते तिला कळेना, तरी तिने ती लावली.

“ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “पाय वाढतील.”

दुसऱ्या दिवशी पहाटे भागुबाई नेहमीसारखी उठली आणि केरसुणी घेऊन दारात आली. ओटी कोरडी होती. वाळूचा एक कणही नव्हता, उंबऱ्यापर्यंत आलेले काही नव्हते. खाडीवरून वारा येत होता आणि होड्यांकडे जाणाऱ्या बायांचे बोलणे दुरून ऐकू येत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्याकडे कुणी काही मागायला आले नव्हते. मग वाकून तिने ओटी झाडायला घेतली, हळूहळू, कडेकडेने, मधली पावलापुरती जागा सोडून.